सहीपुरता लेक

जानेवारी लागला की एडविनला बाप आठवतो, असं त्याची बायको नॅन्सी चारचौघांत म्हणायची आणि तो हसण्यावारी न्यायचा. काय करणार बापडा! खोटं असतं तर भांडला असता.

एडविन नगरच्या एका हायस्कुलात मास्तर, राहायला केडगावला. बाप कृपादान कोल्हारला, एडविनच्या धाकट्या बहिणीकडे, दयाकडे. काचबिंदूनं म्हाताऱ्याचे दोन्ही डोळे गेले, त्याला सात वर्षं झाली. त्याची आंघोळ, जेवण, औषधपाणी सगळं दया करते, वर दवाखान्यात नर्सची ड्युटी. आणि ‘अपंग वडील माझ्यावर अवलंबून आहेत’ असं लिहून इन्कम टॅक्सची सूट कोण घेतं? तर आपले एडविन सर! नाताळला शर्टाचं कापड पाठवलं की झालं यांचं बापाला पोसणं.

शाळेचा क्लार्क दरवर्षी वडिलांच्या सहीचं पत्र मागायचा, म्हणून ही कोल्हारची फेरी. एरवी दया ड्युटीवर असताना एडविन गुपचूप काम उरकायचा. यंदा तिला सुट्टी होती. ती बापाच्या पायाशी बसून त्याची नखं काढत होती.

“सलाम पप्पा,” एडविन म्हणाला.

“सलाम, सलाम! आलास व्हय?” म्हातारा खाटेवर सरसावून बसला. “कागद आनला असशील. वाच.”

“तेच आहे, पप्पा. दरवर्षीचंच.”

“आसू दे. वाच तू.”

एडविननं दयाकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही. तो पुटपुटला, “मी, कृपादान... माझा सर्व खर्च...”

“मोठ्यानं वाच की रं! मास्तर हायेस न्हवं?”

मग त्याला वाचावंच लागलं. “माझा सर्व खर्च व सांभाळ माझा मुलगा एडविन करतो. मी सर्वस्वी त्याच्यावर अवलंबून आहे.” आपलाच आवाज त्याला परका वाटला. समोर दया बापाचा अंगठा धरून नख कापत होती, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

“लई ब्येस लिवलंय,” म्हातारा म्हणाला. एडविननं त्याचं बोट जागेवर टेकवलं. त्यानं वाकडीतिकडी सही केली.

दया नखं टाकायला बाहेर गेली, तसा एडविन तिच्या मागोमाग गेला. “दया, लाज वाटते गं मला. पुढच्या वर्षीपासून ही सूट तू घे. खरा हक्क तुझाच आहे.”

“आमच्याबी दवाखान्यात इचारलं हुतं, दादा. मी कागद आनला हुता गेल्या साली. पप्पांनी सही दिली न्हाई.”

“का? तू एवढं करतेस त्यांचं...”

“मलाबी राग आलता. लई बोलले मी त्यांना.” तिनं पदरानं हात पुसले. “तर म्हनले, तुज्या कागदावर सही केली, तर एडविनला हितं यायला काम काय राहील?”

एडविननं हातातला सहीचा कागद दुमडला.

तेवढ्यात आतून म्हाताऱ्यानं हाक मारली, “दया, गेला का गं तो?”

एडविन दारातच उभा होता. ‘नाही, पप्पा, इथंच आहे’ एवढं म्हणायलासुद्धा त्याचं तोंड उघडेना.