बाबांचं ऑपरेशन

भूगोलाच्या बाईंना ठमीनं सांगितलं होतं की बाबांना ताप आहे. प्रकल्पाची मुदत वाढवून मिळाली. ती संपली तेव्हा तापाचा न्यूमोनिया झाला, आणि पुन्हा मिळालेली मुदतही संपली तेव्हा तिनं रडवेल्या आवाजात ऑपरेशनचं नाव घेतलं. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं, असं तिला वाटलं.

बाबा ठणठणीत होते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि तिथं मशीनवर बसून ते आल्यागेल्याला "उद्या नक्की" सांगत असत.

ठमी काही उनाडक्या करत नव्हती. नदीवरच्या प्रकल्पाची फाइल ती रोज काढायची. मग पेन्सिलीला टोक करायची, टेबल आवरायची, मैत्रिणीला मेसेज टाकायची, "तुझं झालं?" मैत्रीण म्हणायची, "कधीच!" की ठमी फोन उलटा ठेवायची. फाइल दप्तरात जायची. जेवढं मागं पडत होतं, तेवढं हात लावायचं भय वाढत होतं.

त्या दिवशी शाळेतून आल्यावर ती दुकानात बाबांना चहा द्यायला गेली आणि काचेतून तिला बाई दिसल्या. हातात फळांची पिशवी. ठमीनं कप ठेवला आणि कापड बेतायच्या मोठ्या टेबलाखाली चिंध्यांत शिरली.

"या बाई, काय शिवायचंय?"

"शिवायचं नाही काही. मी ठमीची शिक्षिका. तुम्ही तिच्या बाबांचे भाऊ का? आता कसं आहे त्यांचं?"

"भाऊ कसला? मीच तिचा बाप."

"मग ऑपरेशन?"

"कुणाचं?"

मशीन थांबलं. टेबलाखाली ठमीनं तोंडात चिंधी कोंबली, तरी हुंदका फुटलाच.

"बाहेर ये," बाबा म्हणाले. ती आली. केसांत दोरे, नाक वाहतंय. "कशाचं ऑपरेशन केलंस माझं?"

"पोटाचं."

बाबांचा हात उठला होता. तेवढ्यात दार ढकलून एक तरुण गिऱ्हाईक आत आलं.

"साहेब, तुमचा कोट उद्या न…"

"मुलाखत सकाळी होऊन गेली, मास्तर. मित्राचा कोट घालून गेलो, बाह्या कोपरापर्यंत. माझं कापड द्या परत."

बाबांनी अर्धवट टाचलेला कोट काढून दिला. एका खांद्याला बाही होती, दुसऱ्याला नव्हती. तो दार आपटून गेला. बाबांचे कान लाल झाले होते. उठलेला हात त्यांनी कधी खाली घेतला, ते ठमीला कळलं नाही.

"मार्क मिळणार नाहीत आता," बाई म्हणाल्या. "आणि हे मला शाळेत सांगावं लागेल."

"मग करून तरी काय उपयोग?" ठमी ओरडलीच. "मला सुरूच करता येत नाही, बाई! बसलं की छाती धडधडते. सगळंच्या सगळं अंगावर येतं."

बाई स्टूल ओढून बसल्या. "सगळं राहू दे. नदी कुठून निघते, एवढंच लिही. मी आहे इथं."

ठमीनं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. बाईंनी शाबासकी दिली नाही, फक्त म्हणाल्या, "आता ती कुठल्या दिशेला जाते?"

प्रकल्पात ठमीला शून्य मिळालं. आईला शाळेत बोलावणं आलं, आणि घरी आल्यावर आई कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलली नाही. ते सगळ्यात वाईट होतं.

पण शाळेतून आल्याबरोबर, गणवेश न बदलता, ठमी बेतायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसू लागली. फोन बाबांच्या गल्ल्यात. एकच प्रश्न, तो झाला तर दुसरा. कधीकधी तो एकही होत नसे. ती पेन धरून नुसती बसे आणि डोळे भरून येत.

"बाबा, आज जमतच नाहीये," ती एकदा म्हणाली.

बाबांच्या मांडीवर कुणाची तरी फार दिवस राहिलेली पँट होती. "माझंही," ते म्हणाले. "वाच बघू प्रश्न मोठ्यानं."

तिनं डोळे पुसले आणि वाचला.