रामाचा डावा डोळा

गणपती बसले त्या संध्याकाळी लाइट गेली, आणि मुंबईहून नवा कॅमेरा घेऊन आलेल्या अनिलला नेमका तेव्हाच घरच्यांचा फोटो काढायचं सुचलं. समईच्या उजेडात सगळे मखराशेजारी उभे राहिले, झपकन फ्लॅश पडला. मंडणगडातून फोटो धुऊन आला तेव्हा गणपती तेवढे छान आले होते. बाकी प्रत्येकाचे डोळे इंगळासारखे लाल.

फक्त अनिलच्या बापाचा, रामाचा, एकच डोळा लाल होता. उजवा. डावा नव्हता.

रामा घरातला कर्ता, पूजा त्याच्या हातची. तेव्हा भावकीने निकाल लावला, की पूजेत काहीतरी राहिलं आणि देव कोपला. पण निम्मी पूजा बरोबर झाली म्हणून रामाला निम्मी माफी. चुलतभाऊ महिपत म्हणाला, "दादा, चुकली ती निम्मी कुठली तेवढं सांग. आमी परत करून टाकतो."

रामा समईची वात सारू लागला. डाव्या डोळ्याने त्याला दिसतच नव्हतं आणि हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. अनिलला कळलं तर तो बापाला उचलून मुंबईच्या खोलीत नेऊन बसवणार, हे नक्की होतं. तिथे ना भातशेती, ना गुरं. देवाच्या कोपापेक्षा रामाला त्या खोलीची भीती जास्त होती.

म्हणून विसर्जनाच्या दिवशी त्याने गाऱ्हाणं घातलं ते खणखणीत घातलं. "बा गणपती म्हाराजा, लेकरांच्या डोळ्यात जो काय लालपणा आलाय, तो दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

तेवढ्यात रामाची मुलगी शमिका आली. रत्नागिरीला इस्पितळात नर्स. तिला रजाच त्या दिवसाची मिळाली. फोटो बघून ती हसत सुटली. "अरे, अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते. फ्लॅशचा उजेड थेट आत जातो, मागच्या पडद्यामागे रक्त असतं, त्याचा लाल रंग घेऊन परत येतो. देवाला कशाला मधे घेता?"

"मग दादाचा डावा?" महिपतने विचारलं. निम्म्या पूजेचं कोडं त्याला सुटत नव्हतं.

शमिकाने फोटो पुन्हा पाहिला. तिचं हसू गेलं. "तिथं उजेड आत पोचलाच नाय. बाबा, मोतीबिंदू पिकलाय. कधीपासून दिसत नाय?"

"दिसतंय की," रामा म्हणाला.

"दोन वर्सं झाली," चुलीकडून त्याची बायको गंगा म्हणाली.

रामा गर्रकन वळला. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुमी त्या अंगाला ठेचकाळता. बाजाराला जाताना मी तुमच्या डावीकडनं का चालते, वाटलं तुमाला?"

रामाला वाटलं होतं, सावलीसाठी. त्याला एकदम भरून आलं आणि तो नारळ शोधू लागला. नारळ हातातच होता.

"मग मुंबईलाच..." अनिलने सुरुवात केली.

"रत्नागिरीला शमी हाय," गंगा म्हणाली. "ऑपरेशन तिथं होईल. मुंबईला कोण जायाचं नाय."

पुढच्या गणपतीत अनिलने फोटो काढला तो मुद्दाम दिवे मालवून. रामाचे दोन्ही डोळे लालभडक आले. येईल त्या पाहुण्याला रामा तो फोटो आधी दाखवी आणि मग प्रसाद देई.

बाजाराला जाताना गंगा अजून त्याच्या डावीकडूनच चालत होती. दोन्ही डोळ्यांनी नीट बघितल्यावर रामाला दिसलं, की त्या रस्त्याला सावली उजवीकडे आहे.