रंगाखालचा बोल्ट

त्या काळी आमच्या घरात दोन हट्टी होते, एक मामंजी आणि दुसरी त्यांची गाडी. आमचे हे म्हणायचे, "दोघांचंही वय झालंय, पण सांगणार कोण?"

गाडी काढून टाकणं मात्र सोपं नव्हतं. सासूबाईंचे पाय गेले होते. मामंजींनी पुढची सीट दाराकडे फिरेल अशी बसवून घेतली होती, म्हणून सासूबाईंना उचलून थेट आत ठेवता यायचं. दुसऱ्या कुठल्याच गाडीत ते जमत नव्हतं. ही गाडी गेली असती तर सासूबाईंचं जग पलंग ते खिडकी एवढंच उरलं असतं.

आणि गाडी तपासणीत नापास झाली. दिवे लावून वायपर चालू केला की तो काचेच्या मध्यावर अडायचा, हॉर्न दाबला की दिवे मिणमिणायचे. तपासनीस म्हणाला, "आजोबा, अजून एकदा आणा. त्यातही नापास झाली तर भंगारात."

मामंजी कामाला लागले. वायपरची मोटर बदलली, हॉर्न नवा, फ्यूज नवे, बॅटरीसुद्धा नवी. त्यांची पद्धत ठरलेली, एक सुरू, बाकी बंद. वायपर चालतोय. हॉर्न असा की शेजारीण दारात आली. दिवे लख्ख.

"आता बघतोच कोण नापास करतो!"

दुसऱ्या तपासणीला मी सोबत गेले. रांगेत आमची पाळी जवळ आली. मी म्हटलं, "मामंजी, एकदा सगळं एकदम लावून बघू या का?"

"कशाला? एकेक तपासलंय मी."

"तपासनीस एकदमच लावायला सांगतो ना."

त्यांनी नाराजीने बटणं ओढली. वायपर निघाला आणि मध्यावर थांबला.

मामंजींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "मोटर नवी आहे गं!"

"सगळीच एकदम मान टाकतात, म्हणजे दोष एकेकाचा नाही. आपल्याकडे सकाळी सगळे नळ उघडले की धार करंगळीएवढी होते ना, तसं काहीतरी."

"अगं, पण टाकी भरलेली आहे. बॅटरी नवी आहे."

"मग पाणी अडतंय कुठे ते बघा की!"

मामंजी खाली उतरले, बॉनेट उघडलं. डिकीतून जाड वायरचा तुकडा आणला. एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं दाराच्या कुलपाच्या उघड्या लोखंडाला धरलं. मिणमिणणारे दिवे भसकन पेटले, वायपर सुटला.

"अर्थिंग," ते पुटपुटले, "करंट परत जायची वाट." बॅटरीची मायनसची पट्टी गाडीच्या पत्र्याला एका बोल्टने कसलेली होती, आणि पहिल्या तपासणीच्या आधी गाडी नवरीसारखी दिसावी म्हणून मामंजींनी बॉनेटच्या आतही रंग दिला होता. पट्टी काढून तिच्याखालीसुद्धा चांगले दोन हात. रंगातून करंट जात नाही; बोल्टमधून एका दिव्यापुरती वाट होती, सगळ्यांना मिळून नव्हती.

पुढची गाडी हलली. मागचा ड्रायव्हर ओरडला, "अहो काका, इथेच संसार थाटलाय का?"

मी पान्याने बोल्ट सोडवला, पटाशी हातात घेतली. मामंजींनी माझं मनगट धरलं.

"थांब. माझा रंग आहे, मीच खरवडणार."

ते घासू लागले. पटाशी दोनदा घसरली. तपासनीस हाक मारत होता. चकचकीत निळ्या रंगाची सालं उडाली, खालून पांढरं लोखंड दिसलं. पट्टी बसवली, बोल्ट कसला.

"दिवे," तपासनीस म्हणाला. "वायपर. हॉर्न. आता सगळं एकदम."

वायपर निघाला. मध्यावर आला. तो पलीकडे गेला, परत आला. हॉर्न वाजला तरी दिवे जराही मिणमिणले नाहीत.

तपासनिसाने बॉनेटमध्ये डोकावलं. "एवढा सुरेख रंग, आणि इथे काय उंदराने कुरतडलंय?"

"नाही साहेब," मामंजी म्हणाले, "माझी हुशारी तेवढी खरवडून काढलीय."

तो हसला आणि शिक्का मारला. "घ्या पुढे, मागे रांग आहे."

बाहेर रखरखीत ऊन होतं. वायपर कोरड्या काचेवर कर्रकर्र करत फिरत होता.

"मामंजी, बंद करा ना तो."

"राहू दे गं," ते म्हणाले. "चालतोय, तर चालू दे थोडा."