नैवेद्याची बाटली

जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या गिरण्यांच्या रांगेत पुखराजशेठांचा औषधाचा कारखाना म्हणजे पैलवानांच्या तालमीत शिरलेला चष्मेवाला पोरगा. तिथल्या प्रयोगशाळेत एक रीत होती. प्रत्येक लॉटची पहिली बाटली औषधाचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राला द्यायची आणि तिचा निकाल मात्र धरायचा नाही. यंत्र अजून तापायचंय, पहिला घास त्याचा, असं कधी कुणी म्हणालं आणि त्या बाटलीला ‘नैवेद्य’ नाव पडलं. निकाल धरायचा तो मधल्या बाटल्यांचा. देवापुढच्या ताटात मीठ कमी की जास्त, कोण बघतं?

प्रियदर्शनी आज ते बघून बसली होती.

ती मंठ्याची, एम.एस्सी. झालेली. लेकरांच्या तापाच्या औषधाचा प्रत्येक लॉट तिच्या सहीने बाहेर पडायचा. आज सकाळपासून यंत्र दुसऱ्या कामाला जुंपलेलं होतं, चांगलं तापलेलं होतं. तरी हाताच्या सवयीने तिने नैवेद्य दिला, आणि आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला. मधल्या बाटल्या अगदी बराबर. तिने तीच पहिली बाटली पुन्हा लावली. आकडा तोच. आता यंत्राच्या माथी काही मारता येत नव्हतं.

कारण समजायला फार डोकं लागत नव्हतं. हे औषध दाट, स्थिर राहिलं की तळाशी बसणारं. भरणी सुरू होण्याआधी टाकी जरा वेळ नुसती उभी असते, आणि तोटी असते तळाला. म्हणजे सुरुवातीच्या बाटल्यांत सगळा साका उतरणार. आई बिचारी चमचा मोजून देणार, आणि तापाने फणफणलेल्या लेकराच्या पोटात जाणार त्याच्या दीडपट. असं दिवसातून चारदा. लेकराचं लिव्हर ते किती दिवस सोसणार?

दारात टेम्पो भरून उभा होता. सही होण्याआधीच माल चढवायचा, ही इथली आणखी एक घाई. ड्रायव्हर संपत दोनदा हॉर्न वाजवून गेला होता.

टेम्पो थांबवणं सोपं होतं. अवघड होतं ते पुढचं. आजचा नैवेद्य खरा मानला तर आजवरचे सगळेच खरे मानावे लागणार. ते सगळे समोरच्या कॉम्प्युटरमध्ये होते, यंत्र काही विसरत नाही. तिने अजून ते उघडले नव्हते. भीती वाटत होती, आणि भीती खरी होती. नोकरी तर जाईलच, वर पोलीस दारात येतील. घरी वडिलांना काय तोंड दाखवायचं?

शेठजींचा मुलगा रजत आत आला. कारखाना तोच बघायचा. उशीर का, म्हणून विचारायला आला होता. तिने कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला आणि सगळं सांगितलं. तो लबाड माणूस नव्हता, पण घाबरलेला माणूस लबाडाइतकाच भारी पडतो. खुर्ची ओढून त्याने आकडा पुन्हा वाचला. मग त्याने संपतला फोन करून माल उतरवायला सांगितलं, आणि प्रियदर्शनीचा जीव जरा खाली पडला.

“आज टाकीत बिघाड होता, असं लिहू,” तो हळू आवाजात म्हणाला. “फक्त आज. मागचं कुणी विचारत न्हाई. तुमची सही हाय सगळ्यावर, मॅडम. मी तुमच्यासाठीच बोलून राह्यलो.”

तो खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत होती. तिला त्याचं म्हणणं गोड लागलं. मान हलवली असती की संपलं. तिने माऊसवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग तिने मागच्या लॉटच्या नैवेद्याचा आकडा उघडला. मर्यादेच्या वर. त्याच्या मागचा, वर. त्याच्याही मागचा. एकाही पडद्यावर ती फार थांबली नाही. प्रत्येकाखाली तिचं नाव होतं.

“भैय्या, हे औषध गेल्तं कुठं कुठं?”

रजतने फोन काढला. माहीत त्यालाही होतं: मंठा, अंबड, अंकुशनगर, खेड्यापाड्यातली दुकानं. शेवटी त्याने मंठ्याच्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि एक लॉट वापस मागवायचाय, असं कसंबसं म्हणाला. पलीकडून कोणता, असं विचारलं गेलं. रजतने तिच्याकडे पाहिलं.

तिने त्याच्या हातातून फोन घेतला.

“मी प्रियदर्शनी बोलतेय, कारखान्यातून. एक न्हाई, सगळेच लॉट. दुकानात असतील ते उतरवून ठेवा, अन् विकले गेले त्या घरांत आजच्या आज माणूस पाठवा. औषध देऊ नका म्हणा.” ती थांबली. “कारण विचारलं तर माझं नाव सांगा. पास मीच केल्तं.”