दगडाला वर कोण ढकलतं?

‘हलवल्याबिगर काही हलते काय रे बाप्पा?’

आमच्या किन्हीराजा गावच्या ओढ्याकाठी गरजलेला, कुठूनसा आलेल्या एका बुवाचा तो आवाज इतक्या वर्षांनीही माझ्या कानातून गेलेला नाही. मोठी लढाई अजून लागायची होती. पडीक जमिनीतून एक काळा दगड रोज थोडा थोडा आपोआप वर येत होता, आणि भोवती पार इंझोरीपासूनची माणसं हात जोडून उभी होती.

बुवाचा युक्तिवाद सोपा. ‘जातं फिरते, कारण बाई फिरवते. बैल चालते, कारण धनी हाकते. मंग ह्या दगडाले वर ढकलून राह्यला कोण? देव! अन् देव कोणाचं ऐकते?’ एवढं बोलून तो छातीवर हात ठेवायचा आणि नव्या नवरीसारखा लाजायचा.

रोज पहाटे दगडावर पाणी घालण्याचा मान मनकर्णाबाईचा. आमच्या शेजारच्या जगदेवची ही बायको. गळा असा, की ती दळायला बसली की आळीतली जाती आपोआप हळू व्हायची. बुवाने सांगून टाकलं होतं, ‘पुनवेले देव पुरा वर येईन. मंग ही माय माह्यासंगं चालली, जल्मभर देवाचं गाणं म्हणायले.’ आणि ती हो म्हणाली होती. घरी जगदेव अबोल. भाकर वाढली तरी ‘हं’, ताप आला तरी ‘हं’. गोड शब्द काय तो बुवाकडे.

जगदेव आतून जळत होता. जात्यावर ती पूर्वी म्हणायची,

दळण सरलं बाई, सूप झालं रितं
धन्याच्या पागोट्याला उन्हाचं फूल येतं

आता ओवीतलं पागोटं गेलं आणि त्या जागी बुवाची भगवी छाटी आली. अंथरुणात पडल्या पडल्या तो ऐकायचा आणि कूस बदलायचा. बुवासाठी घासलेल्या घागरीकडेही सवतीकडे बघावं तसा बघायचा.

एका पहाटे त्याने ती घागर उंबऱ्यावर आपटली. ‘त्याच्या देवाले माह्या घरचं पाणी नाही!’ दुसऱ्या दिवशीही दार अडवून बसला.

ते दोन दिवस दगड जागचा हलला नाही.

‘जगदेव, तुह्या मत्सरानं देव रुसला!’ तिसऱ्या पहाटे दगडापाशी बुवा तापला. ‘माय, तू आज दोन घागरी ओत.’

‘बायको सांभाळता येत नाही, अन् देवासंगं भांडते!’ म्हाताऱ्या सोजरबाईने टोमणा मारला. गर्दी हसली. जगदेव मान खाली घालून उभा.

मनकर्णाबाईने उसनी घागर उचलली, पण ओतेना.

‘बुवा, तुमचं खरं हाय. ढकलणाऱ्याबिगर दगड वर येत नाही. पण हा ढकलणारा पाणी पेल्यावरच काहून ढकलते?’

‘लीला हाय माय, लीला!’

‘मंग पाहू तरी.’ तिने सोजरबाईच्या हातातलं खुरपं घेतलं.

‘आंधळी होशील!’ बुवा किंचाळला.

ती खणत राहिली. दगड कलंडला. खाली खड्डाभर हरभरा, टम्म फुगलेला, मोड आलेला, आंबूस वासाचा.

‘निघाला तुमचा देव,’ ती म्हणाली. ‘भिजला हरभरा गंजाचं झाकण उचलते, हे मले ठावं होतं. दगड उचलते, हे तुमी शिकवलं.’

बुवाने झोळी उचलली आणि वाशीमची वाट धरली.

बाबांनो, देव आहे की नाही, यावर खुशाल वाद घाला. ‘कोणीतरी ढकलतो’ इथपर्यंत विचार नेतो. तो कोण, हे खणल्याशिवाय ठरवू नका. आणि कोणी मध्येच स्वतःच्या छातीवर हात ठेवला, तर आधी खुरपं मागा.

लोक पांगू लागले. मनकर्णाबाई मातीच्या हातांनी तिथेच बसली. ‘हासा आता,’ ती जगदेवला म्हणाली. ‘तुमीच जितले. मले चांगलं म्हणणारा एक होता, तोही लबाड निघाला.’

तो हसला नाही. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती.

‘मनकर्णे,’ तो म्हणाला, ‘तू गेली असती, तं मी मुका तरी कोणापाशी बसलो असतो? लय दिसापासून तोंडात होतं. नको जाऊ.’