कानबाईचं फूल

झुंबरबाईला हाव होती ती सोन्यानाण्याची नव्हे, झाडाफुलांची. कुणाच्या अंगणात नवं रोप दिसलं की तिचे हात शिवशिवायचे, आणि घरी परतताना पदराखाली एखादी फांदी असायचीच. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात ती दीपनगरला भावाकडे गेली. भाऊ हिलाल तिथल्या वीजकेंद्रात कामाला. कॉलनीच्या बागेतल्या हौदात तिला ते फूल दिसलं. फिकट जांभळं, वरच्या पाकळीवर पिवळा डोळा. माती नको, खत नको, नुसतं पाण्यावर तरंगायचं! बाई जागची हलेना. शेवटी हिलालनं एक रोप दुधाच्या किटलीत घालून दिलं.

"ले बहीण, पन हाई भलतं वाढस," तो म्हणाला.

"वाढू दे ना! फूल शे, वाघ थोडा शे!"

पांझरेकाठच्या तिच्या गावी असलं फूल कुणी पाहिलंच नव्हतं. श्रावणापर्यंत अंगणातला हौद गच्च भरला. श्रावणात कानबाई बसली. सगळ्या खानदेशात ही देवी एकाच रविवारी बसते आणि सोमवारी सकाळी घरची सून तिला डोक्यावर घेऊन पाण्यावर नेते. नथ घातलेला, पिढ्यान्‌पिढ्या जपलेला नारळ म्हणजेच कानबाई. त्याला न्हाऊ घालून घरी परत आणायचं आणि निर्माल्य मात्र पाण्यात सोडायचं. झुंबरबाईनं त्या वर्षी मखर जांभळ्या रोपांनी सजवलं, मुळांसकट, म्हणजे फुलं ताजी राहतील. सोमवारी ती सगळी रोपं तिनं स्वतःच्या हातानं नदीच्या डोहात सोडली. देवीच्या अंगावरचं फूल उकिरड्यावर टाकायला ती काय वेडी होती?

दिवाळीला डोह जांभळा झाला. माणसं बघायला येऊ लागली. कानबाईच्या निर्माल्यातून उगवलं म्हटल्यावर कुणी हळद वाहिली, कुणी अगरबत्ती खोचली. झुंबरबाईला बायका वाकून नमस्कार करू लागल्या, आणि खोटं कशाला बोला, तिला ते फार गोड लागलं. भाऊबीजेला आलेली लेक बेबा सासरी निघाली, तेव्हा आईनं ओटी भरली आणि ओटीत ओल्या फडक्यात गुंडाळून एक रोप ठेवलं. कानबाई मायचा प्रसाद! बेबा अमळनेरकडे बोरी नदीकाठच्या गावात दिलेली. पाणी तिथंही होतं.

मग मासे उलटे होऊन काठाला लागले. पाण्याला कुजका वास सुटला. सांजेला काठावर उभं राहवेना, इतके डास. नवरा तोताराम विळा घेऊन निघाला.

"उपटी टाकूत हाई."

"हात नका लावू! मायनं फूल शे ते."

तो थांबला. गावापुढं बायकोचं म्हणणं मोडायची त्याची छाती नव्हती, आणि आपलं म्हणणं मागं घ्यायची तिचीही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बेबा माहेरी आली ती हसतच. "माय, आमना बी बठ्ठा डोह भरी गया! सासू म्हणस, औंदा कानबाई तुन्हाच डोकावर." लेकीच्या तोंडावरचा आनंद पाहून झुंबरबाईनं तिची अलाबला घेतली.

जेठात घरची पारडी हिरवळ समजून डोहात उतरली. एकदाच हंबरली. वर आलीच नाही, आणि हिरवळ पुन्हा मिटून गेली. गाव म्हणालं, मायनं घेतली. झुंबरबाई हो म्हणाली खरी, पण त्या दिवसापासून तिला त्या फुलांची भीती वाटू लागली. आता उपटा म्हणायला जीभ उचलेना. पाऊस रुसला होता. नदीला पूर आला असता तर डोह आपसूक धुऊन निघाला असता. तीही वाट पाहत बसली.

श्रावणातला तो सोमवार उजाडला. डफ वाजत होता. सून प्रमिला डोक्यावर चौरंग घेऊन काठाशी आली. न्हाऊ घालायचा सपाट खडक कुठं होता ते कुणालाच दिसेना. सगळीकडे हिरवंगार, वर जांभळे तुरे. प्रमिलानं अंदाजानं पाऊल टाकलं आणि दिसेनाशी झाली. ओरडायलाही तिला सवड मिळाली नाही. पानं हलली, पुन्हा जुळली.

तोतारामनं उडी घेतली. मुळांच्या गुंत्यात चाचपडत त्यानं तिचा अंबाडा पकडला आणि ओढत काठाला आणलं. पोरीनं हिरवं पाणी ओकलं, श्वास घेतला. नारळ खालीच राहिला.

"माले वाटनं जमीनच शे," ती म्हणाली.

झुंबरबाईनं तिला पोटाशी धरलं. वाचली गं बाई, वाचली! दोन्ही हातांनी ती तिच्या केसांतली मुळं ओरबाडून काढू लागली. देवीचं फूल होतं तरी तिनं ते पायाखाली चिरडलं. आणि चिरडता चिरडता थबकली.

नदीपलीकडच्या गावातूनही डफ ऐकू येत होता.

"बेबा," ती म्हणाली. तोतारामला काही कळेना. "आज बेबा बी डोकावर कानबाई लिसन जाई!"

ती तशीच अनवाणी सडकेकडे पळत सुटली. अमळनेरची गाडी दुपारी होती, आणि कानबाई सगळीकडे सकाळीच निघते.