सुतळीच्या मानेवरचा ठिपका

फ्रीजवाल्याच्या लेकीनं हातावर साप गोंदवून घ्यायचं ठरवलं, तेव्हा खरं तर घरात आकाशपाताळ एक व्हायला हवं होतं. बाप फ्रीज-एसी दुरुस्त करणारा, जुन्या वळणाचा. शेजारच्या पोरानं दंडावर गरुड काढून घेतला, तेव्हा यानं त्याला जिन्यात गाठून चांगलं तासभर कातडीचं महत्त्व समजावलं होतं. पण लेक म्हणाली, मला मनगटावर सुतळी काढून घ्यायचीय, आणि हा नुसता मान हलवून "घे की" म्हणाला. बायको हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत राहिली. कारण तिला ठाऊक होतं. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

सुतळी म्हणजे लेकीनं पाळलेला साप. बिनविषारी, केशरी अंगाचा, पाठीवर विटकरी ठिपके. मादी होती, म्हणून घरात सगळे ‘ती’च म्हणत. लेक नोकरीच्या ट्रेनिंगला परगावी गेली, तेव्हा सुतळीला बापाच्या हवाली करून गेली. आणि बापानं जीव लावला, हे काही खोटं नाही. सुतळीच्या खाण्याचे गोठवलेले उंदीर मटाराच्या पिशवीशेजारी दिसले तेव्हा बायकोनं घर सोडायची धमकी दिली; मग यानं भंगारातला एक छोटा फ्रीज दुरुस्त करून खास उंदरांसाठी लावला. काचेच्या पेटीखाली ऊब देणारी विजेची गादी होती, तीही रोज हात लावून बघायचा.

तिथंच घात झाला. उन्हाळा होता. सुतळीला नुकतंच खायला घातलं होतं आणि ती पेटीत आडवी पसरली होती. हा जन्मभर गार हवेवर पोट भरलेला माणूस. उकडणाऱ्या जिवाला गारवा द्यायचा, एवढीच माया त्याला येत होती. गादी गरम लागली तशी त्यानं ती बंद केली, खोलीतला एसी लावला, "झोप गं बाई निवांत" म्हणाला आणि दार ओढून कामावर गेला. एसी दुसऱ्या दिवशीही चालूच ठेवला. खाल्ल्यावर साप गार पडला तर पोटातलं पचत नाही, आतच कुजतं, हे त्याला नंतर साप विकणाऱ्यानं सांगितलं. तोवर सुतळी गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत, लिंबाच्या रोपाखाली गेली होती, आणि हा दुसरी सुतळी घ्यायला आला होता.

हो, दुसरी. तशीच केशरी, तेवढीच लांब. बायको म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची. सापाच्या कपाळावर काय नाव लिहिलेलं असतं? त्यालाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

लेक परत आली ती चपला न काढता पेटीकडे धावली. आधीची सुतळी तिच्या मनगटाला वेटोळं घालून, डोकं बाहीत खुपसून तासन्‌तास बसायची. ही हात दिसला की कोपरा गाठायची. लेकीनं बरेच दिवस लाडीगोडी करून बघितली. मग एकदा जेवताना हिरमुसून म्हणाली, "विसरली मला. बरोबरच आहे तिचं. मीच तिला टाकून गेले ना."

बापानं न विचारताच तिच्या ताटात भाजी वाढली. आपलं पाप लेकीच्या माथी जाऊन बसलेलं समोर बघायचं, आणि वर "होईल हळूहळू सवय" असं म्हणायचं! खोटं एकदाच बोलायचं असतं अशी त्याची समजूत होती. पण ते मेलं रोज नवं काहीतरी मागत होतं.

गोंदवायचं खूळ त्यातूनच निघालं. सुतळी माझ्या हातावर येवो न येवो, मी तिला कायमची हातावर घेणार, असं लेकीचं म्हणणं. अगदी तिचीच, ठिपक्याला ठिपका. आणि बापाला म्हणाली, तूही चल, तूच तर सांभाळलंस तिला.

पहिलं दुकान बाजारात होतं. तिथल्या पोरगेल्या कारागिरानं सापांचा जाडजूड अल्बम पुढे टाकला. फणा काढलेले, कवटीतून निघालेले, खंजिराला गुंडाळलेले. लेक नाक मुरडत पानं उलटत होती, तोच बाप म्हणाला, "हा खंजीरवाला झकास आहे." लेकीनं त्याच्याकडे असं बघितलं, जणू याला ताप चढलाय. पण याचा हिशोब सरळ होता. खंजीरवाला साप म्हणजे कुठलाही साप. कुठल्याही सापात कुणाची फसवणूक होत नाही.

दुसरीकडे एक मुलगी फक्त एका रेघेत चित्रं काढायची. कागदावर तिनं हात न उचलता एक वळण काढलं, आणि खरंच साप दिसला. ना ठिपके, ना रंग. बाप खुर्चीतून अर्धवट उठलाच. किती सुटसुटीत, किती नाजूक, हेच घे, असा त्यानं धोशा लावला. लेकही बधत आली होती. पण ती रेघवाली प्रामाणिक निघाली. म्हणाली, तुम्हाला साप नकोय, तुमचा साप हवाय. त्यासाठी चष्मेवालीकडे जा. फ्रीजवाल्यानं मनातल्या मनात तिच्या प्रामाणिकपणाला शिव्या घातल्या.

चष्मेवाली एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर बसायची. पूर्वी ती प्राण्यांच्या डॉक्टरांच्या पुस्तकांत चित्रं काढायची. फोटोवरून काम करत नाही, म्हणाली. फोटोत जनावर चपटं होतं. जिवंत घेऊन या, मी बघून काढीन. लेकीचा चेहरा खुलला. कितीतरी दिवसांनी तो असा खुललेला बघून बापाला बरं वाटायला हवं होतं, पण तो आधीच दाराकडे सरकला होता.

ठरल्या दिवशी पेटी घेऊन दोघं गेले. चष्मेवालीनं सापाला टेबलावर सोडलं आणि सकाळभर एकेक ठिपका मोजूनमापून कागदावर उतरवला. फ्रीजवाला कोपऱ्यातल्या स्टुलावर मूग गिळून बसला होता. त्याला सगळ्यात खुपत होती ती मान. सुतळीच्या मानेवरचे पहिले दोन ठिपके एकमेकांना चिकटलेले होते, दोन थेंब ओघळून एक झाल्यासारखे. हिचे सुटे होते. लेकीच्या ते लक्षात आलं नव्हतं. आपलं माणूस आपण निरखून कुठं बघतो? यानं मात्र कुंडीत ठेवण्याआधी सुतळीला बराच वेळ ओंजळीत धरलं होतं.

चित्र झालं. चष्मेवालीनं त्याचा जांभळा छाप लेकीच्या हातावर उठवला, मनगटापासून कोपरापर्यंत वेटोळं. मग सुई हातात घेण्याआधी तिनं आपला नेहमीचा शिरस्ता पाळला. खोलीत असेल त्या प्रत्येकाला जवळ बोलावून बघायला लावायचं, असा तिचा नियम होता.

"नीट बघा," ती म्हणाली. "आत्ता चूक सांगितलीत तर कापसानं पुसते. नंतर कुणाचंच काही चालत नाही."

लेकीनं आरशात हात फिरवून बघितला. तिचे डोळे भरून आले होते. "बरोबर आहे," ती म्हणाली. "हीच ती."

दोघी फ्रीजवाल्याकडे वळल्या. तो उठला, जवळ आला, वाकला. एक मान हलवायची, की सगळं जन्मभरासाठी झाकलं जाणार होतं. लेकीच्या कातडीखाली.

"चूक आहे," तो म्हणाला. "मानेवरचे दोन ठिपके जोडलेले होते."

चष्मेवालीनं चष्मा सरसावून टेबलावरच्या सापाकडे बघितलं. नाही, सुटेच आहेत, ती म्हणाली.

"हिचे सुटे आहेत. सुतळीचे जोडलेले होते." त्यानं लेकीकडे बघितलं, आणि मग बघवेना म्हणून तिच्या हातावरच्या छापाकडे बघत बोलला. "ही सुतळी नाही गं. सुतळी गेली. मी गादी बंद करून एसी लावला. तिला उकडत असेल म्हणून. ही मी विकत आणलेली."

मग लेकीनं विचारलं, कुठं आहे ती? त्यानं सांगितलं. परत आल्यापासून रोज सकाळी त्या लिंबाला लेकच पाणी घालत होती.

"म्हणजे ही मला विसरली नव्हती," लेक म्हणाली. "ही मला ओळखतच नव्हती."

"नाही."

"आणि तू मला रडू दिलंस."

चष्मेवालीनं कापूस पुढे केला. बाप तो घ्यायला पुढे झाला, पण लेकीनं हात मागे घेतला आणि स्वतःच पुसायला लागली. छाप पटकन निघेना. घासून घासून मनगट लाल झालं तरी ती थांबली नाही, आणि फ्रीजवाला ते बघत उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी त्यानं ते पुसलं नाही. चष्मेवाली एवढंच म्हणाली, की मन ठरेल तेव्हा या, घाई नाही.

बसमध्ये लेक पेटी मांडीवर घेऊन खिडकीकडे तोंड करून बसली. बाप शेजारी असून नसल्यासारखा. घरी पोचल्यावर तिनं पेटी जागेवर ठेवली आणि आत हात घातला. साप आक्रसून कोपऱ्यात बसला होता.

"गार पडलीय ही," ती म्हणाली. "गादी लाव."

"मी?"

"तूच. मी बघतेय."

त्यानं बटण दाबलं आणि तळहात गादीला टेकवून उकिडवा बसला. लेक त्याच्या मागे उभी होती. हळूहळू हाताला ऊब लागायला लागली, तशी ती बिननावाची कोपऱ्यातून सुटली आणि त्याच्या हाताच्या बाजूला सरकली.

"हिला सुतळी म्हणू नकोस," लेक म्हणाली.

"नाही म्हणणार."

मग ती पाण्याचा तांब्या भरून गॅलरीकडे निघाली. तो उठायला लागला, तशी दारातून म्हणाली, "तू नको येऊस. तिथंच बस."

तो बसला. गॅलरीत पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि त्यामागून लेकीच्या रडण्याचा. गादी आता चांगलीच तापली होती, पण त्यानं हात काढला नाही.